‘क्षेपणास्त्रांची तूट’ : एका प्रचारविधानाची तपासणी

निवडणुकीच्या व्यासपीठावरून उच्चारलेले विधान खरे होते की खोटे, एवढे कळले की सामान्यतः लोकांचे समाधान होते. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र आणखी दोन प्रश्न विचारणे प्राप्त आहे. विधान केले गेले त्या वेळी कोणता पुरावा उपलब्ध होता, आणि तो कोणाच्या हाती होता? १९६० सालच्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार जॉन केनेडी यांनी पुढे केलेली ‘क्षेपणास्त्रांची तूट’ या दृष्टीने तपासून पाहण्याजोगी आहे.

आंतरखंडीय क्षेपणास्त्रांच्या बाबतीत सोव्हिएत संघ अमेरिकेच्या पुढे जात असून अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या शासनाची काटकसर त्यास कारणीभूत आहे, असा या विधानाचा आशय होता. १४ ऑगस्ट १९५८ रोजी सिनेटमध्ये केलेल्या भाषणात केनेडी यांनी तो विस्ताराने मांडला. ही कल्पना त्यांच्या पदरची मात्र नव्हे. १९५७ च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत संघाने अशा क्षेपणास्त्राची चाचणी घेतली, आणि ४ ऑक्टोबर रोजी स्पुटनिक अवकाशात गेला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात खुद्द अमेरिकेच्या गुप्तवार्ता विभागांनी सोव्हिएत संघाजवळ काही वर्षांतच ५०० क्षेपणास्त्रे असू शकतील असा अंदाज वर्तविला. ख्रुश्चॉव्ह यांच्या वल्गनांनी या भीतीत भरच घातली.

पुढे हा अंदाज उतरू लागला. १९५६ च्या जुलैपासून यू-२ विमाने सोव्हिएत प्रदेशावरून छायाचित्रे घेत होती. त्या विस्तीर्ण प्रदेशाचा काही भागच त्यांच्या टप्प्यात आला, तरी क्षेपणास्त्रांची मोठी तैनाती कोठे दिसेना. १९६० च्या जानेवारीत संरक्षणमंत्री टॉमस गेट्स यांनी काँग्रेसपुढे सुधारित आकडे ठेवले. सोव्हिएत संघ किती क्षेपणास्त्रे बनवू शकेल यापेक्षा तो बहुधा किती बनवील, हे आता पाहिले जात असल्याचे त्यांनी सांगितले. पद्धतीतील हा बदल विरोधकांना हातचलाखी वाटला. शासनाचा खरा आधार असलेली छायाचित्रे गुप्त असल्याने तो आक्षेप उघडपणे खोडून काढणे शक्य नव्हते. १ मे रोजी यू-२ विमान पाडले गेले व ती उड्डाणे बंद पडली. ऑगस्टमध्ये उपग्रहाने घेतलेली छायाचित्रे प्रथमच हाती आली, पण तीही गुप्तच राहिली.

८ नोव्हेंबरच्या मतदानात सुमारे ६ कोटी ८८ लाख मतांपैकी केनेडी यांना रिचर्ड निक्सन यांच्यापेक्षा सव्वा लाखाहूनही कमी मते अधिक पडली. या एका मुद्द्याने निकाल फिरला असे म्हणण्यास आधार नाही. परंतु इतक्या निसटत्या विजयात कोणताच मुद्दा नगण्य मानता येत नाही. ६ फेब्रुवारी १९६१ रोजी नवे संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्नामारा यांनी वार्ताहरांशी बोलताना अशी तूट नसल्याचे सूचित केले. अध्यक्षांच्या कचेरीने मात्र त्यापासून अंग काढून घेतले. सप्टेंबरच्या गुप्त अंदाजात सोव्हिएत क्षेपणतळांची संख्या १० ते २५ एवढीच धरली होती. अखेर २१ ऑक्टोबर रोजी उपसंरक्षणमंत्री रॉझवेल गिलपॅट्रिक यांनी अमेरिकेचे वर्चस्व जाहीरपणे सांगितले. बर्लिनचा पेच तेव्हा चिघळलेला होता, आणि हे भाषण मुख्यतः मॉस्कोला ऐकविण्यासाठी होते. ज्या मतदारांपुढे मूळ विधान झाले, त्यांच्यापर्यंत त्याचे खंडन असे आडवाटेने, मतदानानंतर जवळजवळ वर्षभराने पोचले.

मग केनेडी यांना असत्यवादी ठरवावयाचे काय? १९६१ च्या पुराव्यावरून १९५८ च्या भाषणाचा न्याय करणे हा कालविपर्यास होईल. ते भाषण शासनाच्याच अंदाजांशी सुसंगत होते. १९६० ची गोष्ट निराळी. आकडे उतरल्याचे गेट्स यांनी तोवर जाहीर केले होते. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत सिनेटमध्ये बोलताना तूट केव्हा गंभीर होईल याविषयी तज्ज्ञांत मतभेद असू शकतात, हे केनेडी यांनी मान्य केले. तूट आहे ही गोष्ट मात्र सर्वमान्य म्हणून गृहीत धरली. २३ जुलै रोजी गुप्तवार्ताप्रमुख ॲलन डलेस यांनी त्यांची भेट घेऊन त्यांना गुप्त माहितीचा आढावा दिला, तरीही प्रचारातील सूर बदलला नाही. अंदाजातील ‘असू शकतील’ या क्रियापदाचे व्यासपीठावर ‘असणार’ झाले. दोष आहे तो या रूपांतरात. आकडा त्यांनी बनविला नव्हता. त्या आकड्यामागची अनिश्चितता मात्र पुसून टाकली.

दोषाचा दुसरा वाटा गुप्ततेकडे जातो. शासनाचे म्हणणे बरोबर होते, परंतु ‘आमच्यावर विश्वास ठेवा’ यापलीकडे ते काही सांगू शकत नव्हते. उमेदवाराचे विधान व शासनाचा नकार, दोन्ही मतदाराच्या दृष्टीने सारखीच निराधार होती. प्रचारविधानांची छाननी करणाऱ्याने म्हणूनच वक्त्याच्या शब्दांबरोबर पुराव्याच्या कुलपाची किल्ली कोणाकडे होती, हेही नोंदवून ठेवावे.