एकवार वापरायच्या कुंचल्याची पूर्वपीठिका

ज्या वस्तूने घाण काढायची ती वस्तू घाण काढता काढता स्वतःच अमंगळ होते, आणि मग ती पुन्हा हाती कोणी धरायची, हा प्रश्न संसाराइतकाच जुना आहे. अलीकडे पाश्चात्त्य देशांत शौचकूप घासण्यासाठी असे एक साधन रूढ झाले आहे की, त्याचा दांडा तेवढा कायम राहतो आणि घासणारे टोक एकदा वापरले की हात न लावता केराच्या डब्यात सोडून द्यायचे असते. हे साधन एकविसाव्या शतकाच्या आरंभीच्या कल्पकतेचे फळ म्हणून दाखवले जात असले, तरी त्यामागची इच्छा मुळीच नवी नाही. आपल्याकडे ती इच्छा शतकानुशतके पुरवली जात होती; मात्र ती कशी पुरवली जात होती हे पाहिले म्हणजे या क्षुल्लक वाटणाऱ्या कुंचल्याचा इतिहास हा वस्तूंपेक्षा माणसांचाच इतिहास ठरतो, असे माझे मत आहे.

आधी मोरीचा विचार करू. कोकणातल्या जुन्या घरात स्वयंपाकघराच्या लगत किंवा मागीलदारी, तुळईखाली चार फरशा बसवलेली न्हाणी असे. तिच्या चिऱ्यांच्या सांध्यांत पावसाळ्यात शेवाळे धरे, आणि ते काढण्यासाठी विकत आणलेली कोणतीही वस्तू घरात नसे. नारळ सोलताना निघालेल्या सोडणाचा मूठभर काथ्या उपसून त्याची चुंबळीसारखी गुंडाळी करायची, ती पाण्यात बुडवून चुलीतल्या राखेत घोळायची आणि बसकण मारून फरशी उभी-आडवी घासायची, ही रीत होती. राखेतल्या क्षारामुळे तेलकट थर सुटे, काथ्याच्या राठ तंतूंमुळे शेवाळे खरवडून निघे, आणि काम संपले की तो काळवंडलेला बोळा पुन्हा कोनाड्यात न ठेवता माडाच्या आळ्यात टाकला जाई. घाटावर नारळाची सोय नसे, तेथे वाळलेल्या घोसाळ्याची जाळी, विटकरीचा चुरा किंवा गोवरीची राख यांवर भागे. एकदा वापरून टाकण्याचे साधन म्हणून जे काही आज आखले जाते, त्याची सर्व लक्षणे या बोळ्यात होती: तो दुसऱ्या कामाच्या शिलकीतून फुकट मिळे, दूषित झाल्यावर घरात राहत नसे, आणि टाकल्यावर कोणाच्याही हाताला उपद्रव न देता मातीत मिसळून जाई. यातला तिसरा गुण मी सर्वांत मोलाचा मानतो, आणि पुढच्या साधनांत नेमका तोच हरवला.

शौचकूपाची गोष्ट मात्र निराळी होती. मोरी घरातल्या बायका घाशीत. शौचकूपाला घरातल्या कोणाचाही हात लागत नसे. मुंबईच्या जुन्या चाळींत आणि घरांत टोपलीचे संडास होते. बैठकीखाली टोपली किंवा डबा ठेवलेला असे, आणि तो काढून नेण्यासाठी दोन इमारतींच्या पाठींमधून जेमतेम एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी गल्ली सोडलेली असे. हाउस गल्ली या नावाने त्या बोळांचे अवशेष दक्षिण मुंबईत आजही दिसतात. पुढच्या दाराने वावरणाऱ्या रहिवाशाला मागच्या दाराने येणाऱ्याचे तोंडही दिसू नये, अशी ती तजवीज होती, आणि इमारतीच्या नकाशातच ती धरलेली असे. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्यात या कामाला हलालखोर सेवा असे नाव असून तिच्यासाठी घरपट्टीबरोबर स्वतंत्र हलालखोर कर आकारण्याची तरतूद होती. पुढे त्याची जागा मलनिस्सारणाच्या कराने घेतली. पाणीपट्टीप्रमाणे हा करही रहिवासी निमूटपणे भरीत, आणि तो भरला की आपली जबाबदारी संपली असे मानीत. ही सेवा करणारी माणसे बहुतांशी गुजरात-काठेवाडातून आणलेल्या, अस्पृश्य गणल्या गेलेल्या जातींतली होती.

थोडक्यात, घरातल्या हाताला स्पर्श होऊ न देण्याचे जे काम आज त्या नव्या साधनाच्या पकडीने होते, ते त्या काळी एका जातीकडून करवून घेतले जाई. साधन बदलण्याची गरज कोणाला भासली नाही, कारण साधन धरणारा हात आपला नव्हता. त्या हातात काय होते? लोखंडी पत्र्याचा तुकडा, एक आखूड केरसुणी आणि एक वेताची टोपली. टोपली गळे, ती डोक्यावरून न्यावी लागे, आणि पावसाळ्यात तिच्यातले पाणी मानेवरून पाठीवर उतरे. याच शहरात त्याच काळात गिरण्यांसाठी विलायतेहून नवनवी यंत्रे येत होती. टोपलीला कड लावण्याचा, केरसुणीला लांब दांडा बसवण्याचा विचार मात्र सरकारी कागदांवर यायला स्वातंत्र्य उजाडावे लागले. मुंबई सरकारने १९४९ साली वि. ना. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली सफाई कामगारांच्या स्थितीची चौकशी करणारी समिती नेमली आणि १९५२ साली तिचा अहवाल आला. डोक्यावरून मैला वाहण्याची पद्धत बंद करावी, हातगाड्या द्याव्यात, काम करण्याची रीत सुधारावी, अशा तिच्या शिफारशी होत्या, आणि केंद्रीय गृहखात्याने १९५५ साली त्या इतर राज्यांकडे धाडल्या. त्यानंतर न. रा. मलकानी यांच्या समितीने १९६० साली हाच विषय देशभराच्या दृष्टीने मांडला. मलकानींनाच १९६५ साली वहिवाटीच्या हक्कांची वेगळी चौकशी करावी लागली, कारण पुष्कळ गावांत अमुक घरांचा मैला काढण्याचा हक्क अमुक कुटुंबाचा, असा वंशपरंपरेचा शिरस्ता पडलेला होता आणि ज्या कामातून सुटायचे त्याच कामाला उपजीविकेपायी धरून राहण्याची पाळी त्या माणसांवर आली होती.

या साऱ्या पूर्वपीठिकेत मला सर्वांत मोठा माणूस वाटतो तो अप्पासाहेब पटवर्धन. सविनय कायदेभंगात तुरुंगात गेलेल्या या रत्नागिरीकडच्या उच्चशिक्षित ब्राह्मणाने तुरुंगात मैलासफाईचे काम आपल्याला द्यावे अशी मागणी केली. ते काम सवर्ण कैद्याला देता येत नाही अशी तुरुंगाच्या कारभाराची रीत असल्याने ती नाकारली गेली, आणि त्याच्या पाठिंब्यासाठी येरवड्याच्या तुरुंगात असलेल्या गांधीजींनी ३ डिसेंबर १९३२ रोजी उपोषण आरंभिले. एका माणसाला संडास साफ करण्याची परवानगी मिळावी म्हणून दुसऱ्याने अन्न सोडावे, हा प्रसंग जगाच्या तुरुंगांच्या इतिहासात विरळा असेल. अप्पासाहेब तेवढ्यावर थांबले नाहीत. १९४८ साली कणकवलीजवळ गोपुरी आश्रम स्थापून त्यांनी शौचकूपाचा आराखडाच हाती घेतला. मैल्यावर माती आणि पालापाचोळा पडत राहील, दुर्गंधी आणि माश्या हटतील आणि कालांतराने निरुपद्रवी सोनखत हाती येईल, अशी त्यांची रचना होती. घासण्याचे साधन कसे असावे या प्रश्नाच्या मागे जाऊन, घासावे लागेल अशी अवस्थाच का येऊ द्यावी, असे त्यांनी विचारले.

त्याच वाटेने पुढे १९७० साली पाटण्यात बिंदेश्वर पाठक यांनी सुलभ संस्था स्थापली. त्यांच्या दोन खड्ड्यांच्या शौचालयातले भांडे मी अभ्यासूनच पाहावे अशा योग्यतेचे मानतो. त्याच्या तळाचा उतार २५ ते २८ अंशांचा, म्हणजे नेहमीच्या भांड्यापेक्षा पुष्कळ तीव्र ठेवल्यामुळे दीड-दोन लिटर पाण्यात मळ निघून जातो. जेथे मळ चिकटतच नाही तेथे कुंचल्याला काम कमी पडते. पाण्याच्या दुर्भिक्ष्यात राहणाऱ्या देशाने शोधलेले हे उत्तर होते.

पाश्चात्त्य बैठकीच्या भांड्याचा मार्ग निराळा. त्यात पाणी साचून राहते, कडेच्या आतली बाजू दिसत नाही, आणि जड पाण्यातले क्षार तेथे पिवळट थर धरतात. त्यासाठी रसायने आली. इंग्लंडमध्ये १८७७ साली जॉन जेयस यांनी आपल्या जंतुनाशक द्रवाचे पेटंट घेतले, आणि फिनेल या नावाने तशा जातीचे द्रव आपल्या रुग्णालयांत, आगगाड्यांत आणि पुढे घराघरांत इतके रुळले की त्याच्या वासालाच लोक स्वच्छता समजू लागले. १९२० नंतरच्या दशकात हॅरी पिकअप या इंग्रजाने काढलेले हार्पिक हे त्याच्याच नावावरून ओळखले जाते. रसायनाबरोबर कुंचला आला: आधी प्राण्यांच्या राठ केसांचा, मग दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉनचा आणि प्लॅस्टिकचा. त्याचे बिऱ्हाड भांड्याशेजारच्या एका पेल्यात झाले, आणि त्या पेल्याच्या तळाशी साचणारे पाणी कोणी काढायचे हा प्रश्न पुन्हा जिथल्या तिथे राहिला. १९७५ साली चार्ल्स गेर्बा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाणी सोडल्यावरही भांड्यात जंतू टिकून राहतात आणि सूक्ष्म तुषारांतून हवेत पसरतात असे दाखवून दिल्यावर तर त्या ओल्या कुंचल्याविषयीची शिसारी आणखी वाढली.

मग आराखडे करणाऱ्यांनी लोकांच्या घरी जाऊन पाहायला सुरुवात केली. जपानच्या काओ कंपनीने १९९४ साली फरशी पुसण्यासाठी टाकाऊ कापड लावायचा दांडा बाजारात आणला. १९९९ साली अमेरिकेत प्रॉक्टर अँड गॅम्बलने स्विफर आणला, आणि त्यामागे, पुसणे धुऊन पिळण्यात फरशी पुसण्याइतकाच वेळ जातो, हे निरीक्षण होते. फरशीवरून हीच कल्पना शौचकूपात शिरली. क्लोरॉक्स कंपनीच्या साधनाची रचना मोठी विचारपूर्वक केलेली आहे. दांड्याच्या टोकाला जबड्यासारखी पकड. ती डब्यातल्या कोरड्या गादीवर दाबली की गादी खटकन बसते. गादीच्या अंगातच सफाईचे रसायन वाळवून भरलेले, ते पाणी लागताच जागे होते. तिचा आकार कडेच्या आत वळेल असा. आणि मुठीवरची कळ सरकवली की गादी सुटून थेट केरात पडते. हाताचा आणि मळाचा संबंध कोठेही येत नाही. एक कारागिरी म्हणून तिला मी मनापासून दाद देतो.

पण केराच्या डब्यापुढे काय? तो डबा सकाळी कोणीतरी उचलते, आणि महाराष्ट्रातल्या शहरांत ते उचलणारी बहुधा एखादी बाई असते. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि पुढे तिच्यातूनच स्वच्छ ही कचरावेचकांची सहकारी संस्था निघाली. या बायका कचरा हाताने निवडतात. वापरलेल्या सॅनिटरी पॅडना हात लावावा लागू नये म्हणून ती कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढावा, अशी विनंती त्यांनी नागरिकांना केली. घरमालकाच्या बोटांना जो स्पर्श चुकवला तो त्यांच्या बोटांना व्हावा, हे मागच्या गल्लीतल्या जुन्या व्यवहाराहून फार वेगळे नाही.

गादी केरात न टाकता पाण्याबरोबर सोडून द्यावी असे विरघळणारे प्रकारही परदेशांत निघाले. आपल्याकडे ते मुळीच आणू नयेत. तुंबलेल्या गटारात उतरणारा माणूस कायद्याने बंदी असूनही अजून उतरतोच; २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांविना असे उतरवणे निषिद्ध ठरवले, २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने गटारात मृत्यू आलेल्यांच्या वारसांना दहा लाखांची भरपाई ठरवली आणि २०२३ साली ती तीस लाखांवर नेली, यावरूनच ती मरणे थांबलेली नाहीत हे उघड होते.

२०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी सॅनिटरी पॅड आणि लंगोट यांच्या उत्पादकांवर अशी जबाबदारी घातली की, वापरलेली वस्तू गुंडाळून टाकता यावी म्हणून प्रत्येकीबरोबर एक पाकीट द्यावे. शौचकूपाच्या गादीचा उल्लेख त्या नियमांत नव्हता. उद्या असे साधन या देशात कोणी आखणार असेल, तर त्याने नियमाची वाट न पाहता गादी काथ्यासारख्या कुजणाऱ्या तंतूची करावी, ती दांड्यावरून सुटताना आपोआप पाकिटात पडेल अशी कळ बसवावी, आणि कचरा निवडणाऱ्या बाईला ते पाकीट दुरूनच ओळखता येईल असा त्याला रंग द्यावा.