डाव कोणाचा, नियम कोणाचे?

दिवाळीत पाहुण्यांनी घर भरले, फराळाची ताटे रिकामी झाली, की माजघरात पत्त्यांचा डाव पडतो, आणि पाने वाटून होण्यापूर्वीच वाद सुरू होतो. "आमच्याकडे मेंढीकोट असा नाही खेळत!" असे कोणीतरी म्हणतेच. मग घटकाभर घासाघीस होऊन दोन्ही घरांना मानवेल असा तिसराच नियम ठरतो. ही घासाघीस आपण क्षुल्लक समजतो. परंतु जगातला एक नामांकित खेळ अशाच घासाघिशीतून जन्माला आला, हे ऐकून वाचकांना नवल वाटेल.

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हे त्या खेळाचे नाव. चारसहा गडी टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाने एखाद्या वीराचे वा जादूगाराचे सोंग घ्यायचे आणि एकाने सूत्रधार व्हायचे. सूत्रधार प्रसंग सांगतो, गडी आपण काय करणार ते सांगतात, आणि जिथे यशाची खात्री नाही तिथे फासे टाकतात.

याचे मूळ प्रशियाच्या लष्करात सापडते. १८२४ साली राइसविट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने युद्धाचा एक खेळ छापून काढला. त्यात नकाशा, ठोकळे, फासे आणि कोष्टके होती. पुढे कोष्टकांचा भार इतका झाला की खेळणारे कंटाळले. तेव्हा १८७६ साली व्हेर्डी दु व्हेर्न्वा या अधिकाऱ्याने सुचविले, की कोष्टके बाजूला ठेवा आणि अनुभवी पंच देईल तो निकाल माना. डावाला वेग आला, पण सारी भिस्त आता पंचाच्या न्यायबुद्धीवर पडली. पुस्तक मोठे की पंच, हा तंटा तेव्हापासूनचा आहे.

१९६९ साली अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेझली या तरुणाने नेपोलियनच्या काळातील एका काल्पनिक जर्मन गावाचा डाव मांडला. नुसत्या पलटणी न वाटता त्याने गड्यांना माणसांच्या भूमिका दिल्या. झाले! गडी कोपऱ्याकोपऱ्यांत कुजबुजू लागले, गुप्त करार करू लागले, आणि ठरलेली लढाई राहिली बाजूलाच. वेझलीला वाटले, डाव पार फसला. गडी मात्र विचारू लागले, "पुढचा कधी?"

त्या मंडळींत डेव्ह अर्नेसन होता. १९७१ च्या सुमारास त्याने 'ब्लॅकमूर' नावाचे अद्भुत राज्य कल्पून आपला डाव सुरू केला. आरंभी वापरलेल्या नियमांत एका घावात राक्षस मरे, तसाच वीरही मरे. राक्षस मेल्याचे कोणालाच दुःख नव्हते. पण आठवडेच्या आठवडे जपलेला आपला वीर एका फाशात नाहीसा व्हावा, हे गड्यांच्या जिवाला लागे. अर्नेसनने ते ओळखले. आरमारी लढायांच्या खेळात जहाज अनेक तडाखे सोसून मगच बुडते. तीच युक्ती त्याने वीरांना लावली. आज असंख्य खेळांत दिसणारा हा नियम गड्यांच्या हिरमुसल्या चेहऱ्यांतून निघाला आहे.

अर्नेसन आणि गॅरी गायगॅक्स यांनी १९७४ साली हा खेळ प्रसिद्ध केला, तो तीन लहान पुस्तिकांच्या रूपात. पहिल्या प्रती होत्या अवघ्या एक हजार. उरलेली कल्पना तुमची तुम्हीच लढवा, असे त्यांत वाचकांना मोकळेपणाने सांगितले होते. लोकांनीही ते मनावर घेतले. ॲरिझोनातील केन सेंट आंद्रे यांना ते नियम किचकट वाटले, म्हणून त्यांनी साध्या सहा बाजूंच्या फाशांवर चालणारा 'टनेल्स अँड ट्रोल्स' १९७५ साली काढला.

गंमत अशी, की पुढे गायगॅक्सनीच दार लावून घेतले. सर्वत्र एकसारखा खेळ व्हावा म्हणून १९७७ ते १९७९ या काळात त्यांनी जाडजूड नियमग्रंथ काढले, आणि मनाला येतील ते बदल करणाऱ्यांचा खेळ हा आमचा खेळच नव्हे, अशा अर्थाचे लिहिले. त्यांचे अगदीच चुकले असे म्हणवत नाही. परगावच्यांशी सामना व्हायचा तर नियम एकच हवा. पण घरोघरीच्या टेबलांनी ऐकले नाही. २०१४ सालच्या सूत्रधारांच्या ग्रंथात तर, नियम हे तुमचे धनी नव्हेत, असे स्पष्टच सांगितले आहे.

मी मास्तर माणूस. नियमावर माझा जीव. एकदा शाळेच्या मैदानावर लगोरी चालली होती. पायाने अधू असलेला एक मुलगा भिंतीशी उभा होता. "जो नेम मारील, त्यानेच पळायचे," असे मी ठणकावून सांगितले होते. दुसऱ्या दिवशी मुलांनी आपसांत ठरविले, "नेम तो मारील, पळेल दुसरा." डाव सुरू होण्याआधी दोन्ही बाजूंना विचारून ठरविले होते, म्हणून कोणी तक्रार केली नाही. त्याच्या पहिल्याच चेंडूने लगोरी उडाली.

आपण हरू लागल्यावर बदललेला नियम ही लबाडी. सर्वांनी आधी मान्य करून, कोणीतरी भिंतीशी उभे राहू नये म्हणून बदललेला नियम, हाच खरा खेळ. यंदा माजघरात वाद झाला, तर तो थोडा होऊ द्या.