संसदेचे माहेर कोणते?

इंग्लंड ही संसदांची जननी, हे वाक्य आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. १८६५ साली बर्मिंगहॅमच्या सभेत जॉन ब्राइट यांनी ते उच्चारले, तेव्हा त्यांची तक्रार अशी होती की कॅनडा-ऑस्ट्रेलियात गेलेल्या इंग्लिश माणसाला मत मिळते, मायदेशी मात्र नाकारले जाते. पुढे लोक ही तक्रार विसरले, अभिमान तेवढा उरला.

प्रत्येक देशाने आपापल्या दप्तरखान्यात बसून इतिहास लिहिला की असेच होते. यावर उपाय म्हणून १९३६ मध्ये युरोपातील इतिहासकारांनी एक आंतरराष्ट्रीय आयोग स्थापन केला. बेल्जियममधील लुव्हेनचे एमिल लूस हे त्यामागचे प्रमुख अभ्यासक. धर्मगुरू, सरदार आणि नगरवासी या वर्गांच्या जुन्या सभा सर्व देशांत एकत्रच अभ्यासल्या पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता. इंग्लिश अभ्यासकांना त्यांची सगळी मांडणी पटली नाही, पण मतभेद समोरासमोर मांडायला एक जागा मिळाली.

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लिश इतिहासकार हेलन कॅम या आयोगाच्या अध्यक्ष झाल्या. १९५५ मध्ये रोम येथील जागतिक इतिहास परिषदेत प्रतिनिधी सभांच्या उगमाविषयीच्या संशोधनाचा आढावा सादर झाला. तो कॅम, इटलीचे अंतोनिओ मारोंजिऊ आणि व्हिएन्नात जन्मलेले गुंटर श्टॉकल यांनी मिळून लिहिला होता. दहाच वर्षांपूर्वी युद्धाने दुभंगलेल्या युरोपातले हे तिघे. या घटनेचे मोल आम्हाला फार वाटते. पुढे १९८१ पासून आयोगाचे स्वतंत्र नियतकालिकही निघू लागले.

अशा तौलनिक अभ्यासामुळे जननीपदाचा दावा सैल झाला. सायमन द माँटफर्टने १२६५ मध्ये इंग्लंडच्या सभेत नगरांचे प्रतिनिधी बोलावले. त्याआधी ७७ वर्षे, ११८८ मध्ये, स्पेनमधील लेऑन राज्यात नववा अल्फोन्सो राजा नगरवासीयांसह सभा भरवतो. २०१३ मध्ये युनेस्कोने त्या सभेच्या निर्णयांची नोंद जागतिक स्मृतिवारशात केली. मूळ दस्तऐवज मात्र हाती नाही, नंतरच्या नकला आहेत. त्यामुळे इथेही घाईने जयघोष करण्यात अर्थ नाही.

या सहकार्याची एक उणीवही सांगितली पाहिजे. त्याची नजर दीर्घकाळ युरोपातच फिरली. तरी १९ मार्च १८७७ रोजी इस्तंबूलला उस्मानी साम्राज्याची पहिली संसद भरली होती. तिच्या प्रतिनिधिगृहाचे नाव 'मजलिसे मबऊसान'. त्यात मुस्लिम, ख्रिस्ती व ज्यू प्रतिनिधी एकत्र बसले. जेरुसलेमचे यूसुफ झिया अल-खालिदी तर सरकारवर उघड टीका करीत. फेब्रुवारी १८७८ मध्ये सुलतान अब्दुल हमीदने ती बंद केली आणि १९०८ पर्यंत ती पुन्हा भरली नाही. तिचे कामकाज पुढे हक्की तारिक उस यांना जुन्या वर्तमानपत्रांतून वेचून जुळवावे लागले. त्या वर्षभराच्या संसदेवर अमेरिकी अभ्यासक रॉबर्ट डेव्हरो यांनी १९६३ मध्ये स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

या एका सभेचा पुरा अभ्यास करायचा तर अरबी लिपीतली जुनी तुर्की, अरबी, ग्रीक, आर्मेनियन आणि फ्रेंच अशा भाषा लागतात. एका माणसाला किंवा एका विद्यापीठाला ते पेलणारे नाही. सहकार्याची गरज इथे शोभेची नाही, कामाची आहे.

आपल्यासमोर नेहमी दोन सोप्या गोष्टी ठेवल्या जातात. एक म्हणते, संसद ही पश्चिमेची देणगी, मुसलमानांना ती परकीच. दुसरी म्हणते, आमच्या 'शूरा'त सगळे आधीपासूनच होते, शिकण्यासारखे काही उरले नाही. या दोन्ही गोष्टी सांगायला एकही कागद उघडावा लागत नाही. पहिलीला इस्तंबूलचे १८७७ साल अडचणीचे ठरते. दुसरीला १८७८, कारण सल्ला ऐकणे न ऐकणे सुलतानाच्या मर्जीवर राहिले, तेव्हा सभा टिकली नाही.

आम्हाला वाटते, आपल्या तरुण अभ्यासकांनी या कामात उतरावे. उर्दू-फारसी येणारे आणि मराठीत विचार करणारे लोक आपल्यात आहेत. अरबी लिपी ज्याच्या सवयीची आहे, त्याला उस्मानी कागदांच्या दाराशी निदान उभे तरी राहता येईल. पुढचा रस्ता इतर देशांच्या अभ्यासकांना सोबत घेऊनच चालावा लागेल.