बतावणीची कुळकथा

बतावणी हा तमाशातला गौळणीनंतरचा आणि वगाच्या आधीचा भाग. गणपतीला वंदन करणारा गण होतो, कृष्ण, पेंद्या आणि मावशीची गौळण रंगते, आणि मग सरदार व सोंगाड्या समोरासमोर उभे राहून बोलू लागतात. मागे ढोलकी, हलगी, तुणतुणे आणि मागून सूर धरणारे झीलकरी असतात. या बोलण्याला कथा नसते, ठरलेला शेवट नसतो आणि बहुधा लिहिलेली संहिताही नसते. असतो तो गावाला ठाऊक असलेला विषय आणि दोघांचा हजरजबाबीपणा. रात्रीच्या करमणुकीत कारभाऱ्यांवर विनोद करण्याची मराठी रीत याच जागेवर घडली. दूरचित्रवाणीवर रात्रीच्या जेवणानंतर दिसणाऱ्या विनोदी कार्यक्रमांनी पुढे तिच्यातलेच बरेच काही घेतले.

बतावणीची घडण पाहायला सोपी, करायला अवघड असते. सरदार शहाणा, नीटनेटक्या कपड्यातला आणि प्रश्न विचारणारा. सोंगाड्या गबाळा, अडाणी आणि प्रत्येक शब्दाचा भलताच अर्थ लावणारा. नमुन्यादाखल एक संवाद असा बांधता येईल. सरदार विचारतो, ‘‘निवडणुकीला उभा होतास म्हणे?’’ सोंगाड्या म्हणतो, ‘‘होतो की. पडलो.’’ ‘‘मग लागलं का कुठं?’’ ‘‘मला नाही लागलं सरदार, सोसायटीला लागलं. खर्च तिचाच होता.’’ यात कुणाचे नाव नाही. पक्षाचा उल्लेख नाही, शिवी तर नाहीच. पण ज्या गावात विकास सोसायटीच्या पैशावर कुणी निवडणूक लढवली असेल, तिथे हसणाऱ्यांच्या माना आपोआप त्या माणसाकडे वळतात. टोला सोंगाड्याने स्वतःच्या अंगावर घेतलेला असतो, त्यामुळे ज्याला लागायचा त्याला तक्रार करायला जागा उरत नाही. राग धरला तर ‘ते माझ्याबद्दलच होते’ अशी कबुली दिल्यासारखे होते.

ही आडवळणाची पद्धत केवळ सभ्यतेच्या आवडीतून आली असे मानणे चुकीचे ठरेल. तमाशाचे कलावंत बहुतेक महार, मांग, कोल्हाटी या समाजांतले होते, आणि समोर पहिल्या बैठकीला गावचा पाटील, सावकार, पुढे सरपंच आणि सभापती बसत. सुपारी त्यांनी दिलेली असे, दौलतजादा म्हणजे खूश होऊन दिलेली बक्षिसीही त्यांच्याकडूनच मिळे आणि रात्र उलटल्यावर फडाला, म्हणजे तमाशाच्या मंडळाला, त्याच गावातून सुखरूप बाहेर पडायचे असे. त्यामुळे जरब ठेवणारा माणूस समोर बसलेला असताना त्याच्यावर विनोद करायचा आणि तो त्यालाच हसायला लावायचा, हे कसब जीव सांभाळण्याच्या सावधगिरीतून घडले. बतावणीतल्या राजकीय विनोदाचे मोठेपण इथे आहे. मात्र ही सावधगिरी वरच्यांपुरतीच राहिली हेही नोंदवायला हवे. मावशीच्या तोंडची आणि बायकांवरची थट्टा अनेक फडांत सैल सुटलेली असे. ज्यांच्याकडून फडाला भीती नव्हती, त्यांच्याबाबतीत जीभ आवरली गेली नाही.

राज्यकारभाराच्या भाषेवरच विनोद उभारण्याची युक्ती तमाशाहून जुनी आहे. पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात भारुडे रचली. त्यांत अर्जदस्त, ताकीदपत्र, अभयपत्र, कौल, जमाखर्च असे प्रकार आहेत. दरबारी कागदांचा फारसी वळणाचा मायना जसाच्या तसा उचलून त्यांनी तो देहनगरीच्या कारभाराला लावला. जोहाराच्या भारुडांत गावकीतला महार हात जोडून बोलतो आणि बोलता बोलता गावाच्या बिघडलेल्या कारभाराचा पंचनामा करतो. अर्थ पारमार्थिक असला तरी ऐकणाऱ्याला देशमुख, पाटील आणि कुलकर्णी ओळखता येत. सर्वांत खालच्या माणसाने सर्वांत अदबीने बोलावे आणि तरीही वर्मावर बोट ठेवावे, ही सोंगाड्याची भूमिका इथे बीजरूपात दिसते.

पेशवाईच्या उत्तरार्धात तमाशाला राजाश्रय मिळाला आणि रामजोशी, होनाजी, प्रभाकर, सगनभाऊ, अनंतफंदी अशी शाहिरांची पिढी पुढे आली. पेशवाई बुडाल्यावर आश्रय गेला, फड गावोगाव फिरू लागले आणि त्यांचे धनी बदलले. एका दरबाराची मर्जी राखण्याऐवजी आता रोज नव्या गावची नस ओळखावी लागे. 1865 च्या सुमारास उमा बाबाजी सावळजकर यांचा ‘मोहना बटाव’ हा वग रंगला. तो पहिला वग मानला जातो. वगाने तमाशाला रात्रभर चालणारी कथा दिली, तर त्याआधीची मोकळी जागा ताज्या विषयांसाठी बतावणीकडे राहिली.

त्याच शतकात विनोदाला उघड सामाजिक हेतूही मिळाला. जोतीराव फुले यांनी 1855 साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. त्यातला विदूषक कथेच्या बाहेर उभा राहून भोळ्या कुणबी जोडप्याची फसवणूक प्रेक्षकांना उलगडून सांगतो. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाटक स्वीकारले नाही. 1873 मध्ये सत्यशोधक समाज स्थापन झाला, आणि पुढे ओतूरच्या भीमराव महामुनी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी तमाशाचाच साचा घेऊन सत्यशोधकी जलसे उभे केले. जलशांनी शृंगार काढून टाकला आणि बतावणी मात्र ठेवली, किंबहुना मोठी केली. सोंगाड्याच्या जागी आता प्रश्न विचारणारा शेतकरी आला. इथे आडवळण कमी झाले, भटजी आणि शेठजी नाव घेऊन समोर आले. त्यावरून गावोगाव तंटेही झाले.

जलशांचा हा साचा पुढे आंबेडकरी चळवळीने घेतला, आणि नाशिक जिल्ह्याचा या कुळकथेतला वाटा याच आंबेडकरी जलशांचा आहे. 2 मार्च 1930 रोजी नाशिकला काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. त्याच दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा जलसा जिल्ह्यातून आणि जिल्ह्याबाहेर फिरला. कर्डकांनी पुढे आंबेडकरी जलशांवर पुस्तकही लिहून ठेवले, म्हणून त्यांच्या कामाची घडण आज समजते. तमाशातली अश्लीलता त्यांनी कटाक्षाने टाळली, कारण ज्या समाजाला माणूस म्हणून मान मिळवायचा होता त्याच्या व्यासपीठावर चवचाल विनोद चालणार नव्हता. इथे सभ्यता धन्याच्या धाकाने आलेली नव्हती. ती कलावंतांनी स्वतः पत्करली होती आणि तिच्यामुळे टीकेची धार बोथट झाली नाही. सभ्य बोलणे आणि मिळमिळीत बोलणे यांतला फरक इतका स्वच्छ दाखवणारे दुसरे उदाहरण या परंपरेत क्वचितच सापडते.

1944 मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक स्थापन केले. अण्णा भाऊंनी गणपतीच्या गणाच्या जागी मातृभूमीला आणि कष्टकऱ्यांना वंदन आणले, गौळण वगळली आणि संपूर्ण वगच राजकीय केला. ‘अकलेची गोष्ट’, ‘शेठजींचे इलेक्शन’, ‘लोकमंत्र्यांचा दौरा’ ही त्यांची शीर्षके विषय सांगून जातात. बतावणीत पाच-दहा मिनिटे चमकणारा पुढारी आता मुख्य पात्र झाला.

स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई प्रांताच्या सरकारने तमाशावर बंदी घातली. कारण अश्लीलतेचे दिले गेले. कलावंतांनी दाद मागितल्यावर अटी घालून बंदी उठली, पण पुढे 1954 मध्ये प्रयोगांची संहिता आधी तपासणारे रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ आले. या व्यवस्थेची एक अडचण बतावणीने कायम उघडी पाडली. मंडळ तपासणार कागद, आणि बतावणी कागदावर नसते. सकाळी बाजारात भाव पडला तर रात्री त्यावर बोलले जाणार. प्रमाणपत्र मिळालेल्या संहितेत त्याचा मागमूसही नसणार. याच काळात ‘तमाशा’ या नावाला चिकटलेला कलंक टाळण्यासाठी ‘लोकनाट्य’ हे नाव रूढ झाले. आजही जत्रेतल्या फडांच्या फलकांवर ‘लोकनाट्य तमाशा मंडळ’ अशी दोन्ही नावे शेजारी शेजारी दिसतात.

राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने हा प्रकार शहरी मध्यमवर्गापर्यंत पोचवला. पु. ल. देशपांडे यांचे ‘पुढारी पाहिजे’ त्याच वळणाचे. निळू फुले, राम नगरकर आणि दादा कोंडके यांची सुरुवातही सेवा दलाच्याच मुशीत झाली. वसंत सबनीस यांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ 1965 मध्ये रंगमंचावर आले आणि त्याचे पंधराशेहून अधिक प्रयोग झाले. राजा, प्रधान, कोतवाल आणि हवालदार अशी त्याची वरवरची दुनिया जुन्या वगाची, पण कोतवालपद कुणाला आणि कशासाठी मिळते ही गोष्ट चालू काळाची होती. दादा कोंडके त्यात त्या त्या दिवसाच्या बातम्यांवर पदरचे बोलत, म्हणून एकच नाटक प्रेक्षक पुन्हा पुन्हा पाहत. संहिता सबनिसांची आणि तिच्यात बतावणीसाठी सोडलेल्या मोकळ्या जागा, असा तो मेळ होता.

जगात इतरत्र रात्रीचा राजकीय विनोद दूरचित्रवाणीबरोबरच वाढला. अमेरिकेत 27 सप्टेंबर 1954 रोजी ‘टुनाइट’ हा रात्रीचा कार्यक्रम देशभर दिसू लागला. त्याच्या साच्यात सूत्रधार, त्याचा साथीदार, बाजूला वाद्यवृंद आणि सुरुवातीलाच दिवसाच्या बातम्यांवरचे बोलणे पक्के होत गेले. ब्रिटनमध्ये बीबीसीने 1962 मध्ये ‘दॅट वॉज द वीक दॅट वॉज’ सुरू केला. त्यात मंत्र्यांची नावे घेऊन टर उडवली जाई. 1964 हे निवडणुकीचे वर्ष आहे असे कारण देऊन 1963 च्या अखेरीस तो थांबवण्यात आला. सरदार, सोंगाड्या, ढोलकी आणि ताजा विषय ही मांडणी या साच्याच्या जवळची आहे. फरक पहिल्या रांगेचा. स्टुडिओतल्या सूत्रधारासमोर ज्याच्यावर विनोद करायचा तो माणूस सहसा नसतो.

मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. माध्यम सरकारचे असल्याने ‘गजरा’सारख्या कार्यक्रमांचा विनोद घर, कचेरी आणि चाळीपुरता राहिला. 1999 मध्ये अल्फा मराठी वाहिनी आली आणि ‘घडलंय बिघडलंय’ने राजकारण थेट विषय केले. हिंदीत त्याआधी शेखर सुमन यांच्या ‘मूव्हर्स अँड शेकर्स’ने 1997 पासून रात्रीचा अमेरिकी साचा आणला होता. झी मराठीवरचा ‘चला हवा येऊ द्या’ 2014 पासून 2024 पर्यंत चालला. त्याचे नेपथ्य थुकरटवाडी नावाच्या गावाचे, त्यात पुरुषांनी साकारलेल्या बायका आणि अडाण्याचे सोंग घेऊन शहाण्याला अडचणीत आणणारी पात्रे. हे सारे तमाशाच्या घराण्यातले आहे. पुढाऱ्यांच्या लकबी उचलल्या गेल्या आणि काही पुढारी पाहुणे म्हणून समोर येऊन हसलेही. पण आमंत्रित पाहुणा आणि सुपारी देणारा पाटील यांत अंतर आहे. पाहुण्याला दुखवायचे नसते, म्हणून विनोद त्याच्या बोलण्याचालण्यावर थांबतो आणि कारभारापर्यंत क्वचितच जातो. लकब उचलणे सौम्य वाटते, पण ‘सोसायटीला लागलं’ या उत्तरात जो हिशेब मागितला जातो तो तिच्यात नसतो. दूरचित्रवाणीने बतावणीचा वेश घेतला आणि तिचा प्रश्न बराचसा सोडून दिला.

हा प्रश्न अजून जिवंत राहतो तो जत्रांतल्या तंबूत. नाशिक जिल्ह्यातल्या बागलाण तालुक्याचे ठाणे असलेले सटाणे आरम नदीकाठी आहे. तिथली मोठी यात्रा मार्गशीर्ष वद्य एकादशीला सुरू होते. ती भरते एका महसूल अधिकाऱ्याच्या नावाने. यशवंत महादेव भोसेकर (1815–1887) सटाण्याला मामलेदार होते. 1870–71 च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना उघडून सव्वा लाखाहून अधिक रुपये लोकांना वाटले असे सांगितले जाते, आणि लोकांनी त्यांना देवमामलेदार केले. दिवसा रथ आणि दर्शन, संध्याकाळी पाळणे आणि कुस्त्या, रात्री लोकनाट्याचे तंबू अशी या भागातल्या जत्रांची मांडणी असते. ज्या मुलखाने चांगल्या मामलेदाराचे देऊळ बांधले, त्याच मुलखात बतावणीतल्या तलाठ्यावर, तहसिलीवर आणि पुढाऱ्यावर मनमुराद हसणारा प्रेक्षक मिळतो. कारभार कसा असावा याचा नमुना त्याच्यापुढे आहे, त्यामुळे प्रत्यक्ष कारभार कसा आहे हे सोंगाड्याला फार फोड करून सांगावे लागत नाही. कांद्याचा भाव, केळझर आणि हरणबारी धरणांच्या पाण्याचे आवर्तन, बाजार समितीची निवडणूक यांतला नुसता शब्द उच्चारला की पुरे. फडाचे कलावंत बाहेरगावचे असले तरी तंबू ठोकताना, चहाच्या टपरीवर आणि ठेकेदाराशी बोलताना ते असे शब्द वेचून ठेवतात. प्रेक्षकांत घरी अहिराणी बोलणारे पुष्कळ असतात. एखादे उत्तर अहिराणीतून आले की हशा दुप्पट होतो.

अलीकडे बतावणीची वेळ आक्रसली आहे. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनी रात्री 10 नंतर ध्वनिक्षेपकाला मनाई केली, आणि सवलतीच्या मोजक्या दिवशी ही मर्यादा मध्यरात्रीपर्यंत वाढते. पहाटेपर्यंत चालणारा वग त्यामुळे बहुतेक ठिकाणी तुटला, आणि उरलेल्या वेळात चित्रपटगीतांवरच्या नृत्यांची मागणी आधी पुरवावी लागते. अशा रात्री अनेक फड गण, थोडी गौळण आणि नृत्ये झाल्यावर बतावणी वगातच मिसळून टाकतात. वगातला राजा दरबार भरवतो, सोंगाड्या शिपाई होऊन आत येतो आणि गावची बातमी तिथेच सांगतो.