जाफराबाद उर्फ चांदोर

मुंबई-आग्रा रस्त्यावरून चांदवडचा किल्ला दिसतो. सातमाळा रांगेतला काळ्या बेसाल्टचा डोंगर; खाली गावात अहिल्याबाई होळकरांचा रंगमहाल. होळकरांच्या अमलात इथे टांकसाळ होती. तिथल्या रुपयाचा फोटो मी वर्गात दाखवतो. राज्य मराठ्यांचं, अक्षरं फारसी, नाव बादशहा शाह आलमचं आणि टांकसाळीचं नाव ‘जाफराबाद उर्फ चांदोर’.

एकदा एका मुलाने विचारलं, “सर, मग आपल्या गावाचं खरं नाव कोणतं?”

म्हटलं, “बेटा, होळकरांनी एकही नाव खोडलं नाही. मधे ‘उर्फ’ ठेवून दोन्ही चांदीवर उमटवली. डोंगर तर दोन्ही नावांच्या आधीचा.”

‘उर्फ’ हा शब्द उर्दूत आहे, मराठीतही आहे. दोन्ही तासांना मी तो या रुपयावरूनच शिकवतो.