फ्रिजच्या दारातलं पाणी



मागच्या उन्हाळ्यात न्यू जर्सीला मुलाकडे राहून आले. सुनेकडे दोन दारांचा उंच फ्रिज आहे. एका दाराला बाहेरूनच कोनाडा. त्यात पेला धरून पट्टी दाबली की थंड पाणी येतं, बटण बदललं की बर्फ. पहिल्याच दुपारी तिने विचारलं, "आई, हे पाणी तुम्हाला चालेल ना? फिल्टरचं आहे."

मी गप्प राहिले. नाही म्हणावं तर तिला वाईट वाटणार, हो म्हणावं तर माझा गाळलेल्या पाण्याचा नियम. म्हटलं, आधी हे पाणी कसं येतं ते समजून घेऊ. नातवाला सोबत घेऊन वाचायला बसले.

अमेरिकेत विजेचा फ्रिज घराघरांत शिरला तो 1920 नंतर. जनरल इलेक्ट्रिकचा प्रसिद्ध 'मॉनिटर टॉप' 1927 चा. तेव्हा बर्फ धातूच्या ट्रेमध्ये जमवत आणि तो ट्रेला घट्ट चिकटून बसे. लॉइड कोपमन नावाच्या संशोधकाने रानात मेपलचा रस गोळा करताना पाहिलं, की रबरी बुटांवरचा बर्फ सहज सुटतो. त्यावरून त्याने रबराचा ट्रे केला. 1933 मध्ये गाय टिंकहमने वाकवता येणारा स्टीलचा ट्रे काढला. पण ट्रे भरायचा, न सांडता आत ठेवायचा, हे काम गृहिणीच्या मागे राहिलंच.

1953 मध्ये सर्व्हेल कंपनीने आपोआप बर्फ करणारं यंत्र फ्रिजमध्ये बसवलं. नळाची बारीक नळी फ्रिजला जोडायची. विजेवरचा व्हॉल्व्ह उघडतो, साच्यात पाणी पडतं आणि गोठतं. मग साचा जरासा तापवून बर्फ मोकळा करायचा आणि फिरत्या दांड्याने खालच्या भांड्यात ढकलायचा. भांडं भरलं की एक तार वर उचललेली राहते आणि यंत्र थांबतं. ही रीत पुढे बऱ्याच फ्रिजमध्ये रुळली.

बर्फ दाराबाहेर आणला फ्रिजिडेअरने, 1965 मध्ये. ऐकायला सोपं वाटतं, पण थंडी कोंडून ठेवायच्या दारालाच भोक पाडायचं! त्या वाटेने दमट हवा आत गेली तर बर्फाचे खडे एकमेकांना चिकटतात आणि बाहेर दाराला घाम सुटतो. म्हणून बर्फाच्या वाटेवर घट्ट मिटणारी झडप लागते. भांड्यातले खडे पुढे सरकवायला मळसूत्रासारखा दांडा आणि मोटर लागते. पाण्याची नळी दाराच्या बिजागरीतून न्यावी लागते, म्हणजे दार हजार वेळा उघडलं तरी ती पिळवटत नाही. फ्रीझर खाली आणि फ्रिज वर अशी रचना आली तेव्हा आणखी पंचाईत झाली. बर्फ दारातून हवा, म्हणून भाजीच्या थंडाव्यात बर्फासाठी वेगळी बंदिस्त पेटी करावी लागली.

मी कॉमर्सची, हिशेब पाहिल्याशिवाय राहवेना. दार कमी उघडल्याने वीज वाचते म्हणतात, पण बर्फाचं यंत्रही वीज खातंच. अमेरिकेच्या 2014 च्या नियमांत त्यासाठी वर्षाला 84 युनिटं धरली होती.

आता पाणी. ते थंड व्हावं म्हणून आत नळीचं वेटोळं किंवा छोटी टाकी असते. म्हणजे सकाळचा पहिला पेला रात्रभर साठलेल्या पाण्याचा. फिल्टर असतो बहुधा कोळशाचा. क्लोरिनची चव, वास तो काढतो, पण ते आपलं गाळणं नव्हे. गाळण्यातले जीव जपून मूळ पाण्यात सोडायचे, ही आपली जीवाणी. बंद डबीतल्या फिल्टरमध्ये ती कशी होणार? शिवाय आमच्या घरी गाळलेल्या पाण्याची मर्यादा 48 मिनिटांची. बर्फाचा तर प्रश्नच नाही, गारा आणि हिम बावीस अभक्ष्यांत आहेत.

हे सगळं मी सुनेला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "आई, एवढंच ना!" आणि दुसऱ्या दिवशी तिनेच नळाला स्वच्छ कापड बांधलं. मग रोज सकाळी आम्ही दोघी पाणी गाळून उकळायचो. मी उगाच तीन दिवस मनात कुढत होते.

ज्यांच्याकडे असा फ्रिज आहे त्यांनी फिल्टर साधारण सहा महिन्यांनी बदलावा, गावाहून आल्यावर पहिलं पाणी आणि जुना बर्फ वापरू नये. कोनाड्याखालची ताटली रोज पुसावी, तिला बहुधा निचरा नसतो. ओल राहिली की जीव होणारच.

आपल्याकडे नळ न जोडता दारातल्या टाकीत हाताने पाणी भरायचे फ्रिजही मिळतात. त्यात गाळून, उकळून गार केलेलं पाणी भरता येतं. मात्र आमच्याकडे उकळलेल्या पाण्याची मर्यादा 24 तास मानतात, तेव्हा टाकी रोज रिकामी करून, धुऊन, पुसून मगच भरा. घेण्याआधी दुकानात टाकी काढून पाहा. आत हात जात नसेल तर ती घेऊ नका.