आयर्विनला पाणी किती?

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने ‘इतिहास’ हा विभाग माझ्याकडे सोपवला तेव्हा मला हसू आले. दहावीला इतिहासात मला किती गुण पडले होते हे आपल्या वर्गातल्या निम्म्या लोकांना अजून पाठ आहे! पण मेळाव्याच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिले, “आपला मेळावा पाच वर्षं का लांबला तेवढं लिही, तोच आपला इतिहास.” म्हणून हा लेख.

आपल्या १९९४ च्या तुकडीचा रौप्यमहोत्सवी मेळावा २५ ऑगस्ट २०१९ ला ठरला होता. हॉल ठरला, जेवणाचा आचारी ठरला, बाई आणि सर यांची यादी झाली. त्याच्या तयारीसाठी मी ३ ऑगस्टला पुण्याहून सांगलीला आले. पंधरा दिवसांनी परत गेले, आणि त्या पंधरा दिवसांत मेळावा हा शब्दसुद्धा कुणी काढला नाही. मग २०२० चा करोना, मग २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर. आता तीस वर्षांनी भेटतोय.

बाहेरगावी वाढलेल्या आपल्या मुलांना एक गोष्ट समजावून सांगावी लागते. सांगलीत पावसाळ्यात “कसे आहात?” असे कुणी विचारत नाही. “आयर्विनला किती?” असे विचारतात. सांगली संस्थानच्या काळात, १९२९ साली हा पूल खुला झाला आणि त्या वेळच्या व्हाइसरॉयचे नाव त्याला मिळाले. व्हाइसरॉय कोण होता हे इथे कुणाच्या लक्षात नाही, पण पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे ते शेंगदाणे विकणाऱ्यालाही ठाऊक असते. चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. मग सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, मगरमच्छ कॉलनी, मग मारुती चौक, मग हरभट रोड, अशी पायरीपायरीने नदी गावात येते. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या वर गेले. त्याआधीचे पूर आपल्या आजी-आजोबांनी सांगितलेले. आपल्याला वाटले होते, २००५ म्हणजे हद्द. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेले.

असे का होते, याचे उत्तर भूगोलाच्या सरांनी फळ्यावर काढून दाखवले होते. कृष्णा महाबळेश्वरहून येते. कऱ्हाडला तिला कोयना मिळते. सांगली ओलांडली की हरिपूरला वारणा आणि पुढे नरसोबाच्या वाडीला पंचगंगा. आपल्या भागात नदीला उतार फार कमी. खालच्या बाजूला वारणा आणि पंचगंगा तुडुंब असल्या की सांगलीचे पाणी पुढे सरकत नाही, ते तुंबते आणि आडवे पसरते. वर कोयनेचे धरण १०५ टीएमसीचे. ते भरत आलेले असताना पाऊस थांबला नाही तर दरवाजे उघडण्यावाचून इलाज नसतो. नदीपात्रातली बांधकामे, ओढ्यांवरची अतिक्रमणे आणि अलमट्टी यांचा वाद वेगळा. त्यावर आपल्या ग्रुपवर पुरेसे भांडून झाले आहे.

५ ऑगस्टला नागपंचमी होती. आईने भिंतीवर नाग काढला आणि खालच्या रस्त्यावर पाणी आले. आमचे घर गावभागात, दुसऱ्या मजल्यावर. मंगळवारी सकाळी तळमजल्याची दोन्ही बिऱ्हाडे सामान घेऊन वर आली. त्यात हरभट रोडवर दुकान असलेले काका होते. दुकानातला श्रावणाचा सगळा माल त्यांनी उंच फळ्यांवर रचून ठेवला होता, २००५ च्या खुणेच्या दोन हात वर. “एवढं पुरे,” असे ते दर तासाला म्हणायचे. बुधवारी म्हणायचे बंद झाले.

आम्ही चौदा माणसे तीन खोल्यांत होतो. वीज गेली, नळ गेला. चहूकडे पाणी आणि प्यायला थेंब नाही, हे निबंधात लिहायचे वाक्य आम्ही जगत होतो. मोबाइलची बॅटरी दिवसातून दहा मिनिटे वापरायची असे ठरवले. माझे सगळे कामच पडद्यावरचे, आणि आयुष्यात पहिल्यांदा पडदा काळा होता. दिवसा बोटी दिसायच्या. लष्कराच्या होत्या, एनडीआरएफच्या होत्या, आणि कृष्णेत शर्यती मारणाऱ्या आपल्या पोरांच्या होड्याही होत्या. पण रात्री काहीच दिसायचे नाही, नुसते ऐकू यायचे. पाण्यावर तरंगणारी सिलिंडरे गेटवर आपटायची. कुठल्या तरी पत्र्यावर अडकलेले कुत्रे रडायचे. आणि या सगळ्याखाली पाण्याचा एक अखंड आवाज. तो मोठा नव्हता. थांबत नव्हता, एवढेच.

बुधवारी रात्री आईने पेटी काढली.

इथे थोडे मागे जायला हवे. आई गल्लीतल्या भजनी मंडळात वीस वर्षे गायची. बाबा गेले २०१८ च्या जानेवारीत. त्यानंतर तिने मंडळात जाणे सोडले आणि पेटीवर कापड टाकले. मीही कधी विचारले नाही. त्या रात्री लहान मुले रडत होती म्हणून असेल, तिने कापड काढले. दमट हवेने पेटीचे दोन स्वर चिकटले होते, ते दाबले की वर यायचे नाहीत. ते दोन स्वर चुकवत तिने एक अभंग म्हटला, मग दुसरा. तळमजल्याच्या वहिनींनी ताटलीवर ठेका धरला. तिसरा संपला तेव्हा समोरच्या इमारतीतून, अंधारातून, टाळ वाजले. समोर कोण आहे हे आम्हाला दिसत नव्हते. मधे आठ-दहा फूट खोल पाणी. पण अर्धा तास एक कडवे इकडून आणि एक कडवे तिकडून, असे चालले.

गुरुवारी ब्रह्मनाळची बातमी आली. लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली होती, माणसे गेली होती. त्या संध्याकाळी एका मुलाने पेटीकडे बोट दाखवले आणि दुकानवाले काका भडकले. “माणसं बुडून मरायला लागलीत आणि तुम्हाला गाणी सुचतात?” आईने काही उत्तर दिले नाही. पेटीवर पुन्हा कापड टाकले. मला काकांचा राग आला, पण खरे सांगते, माझ्याकडेही उत्तर नव्हते. त्यांच्या दुकानाचा कळस बुडाला होता. त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचे की गाणे ऐका?

त्या रात्री कुणी झोपले नाही. नुसते पाणी ऐकले.

शुक्रवारी अंधार पडल्यावर काका स्वतः आईसमोर येऊन बसले. म्हणाले, “वहिनी, आज म्हणा काहीतरी. पाण्याचा आवाज ऐकवत नाही.” आईने सुरुवात केली. दोन अभंग झाले तरी समोरून टाळ वाजले नाहीत. तिसऱ्यालाही नाही. तेव्हा काकाच उठून बाल्कनीत गेले आणि हाका मारू लागले. बऱ्याच वेळाने उत्तर आले. टाळ वाजवणारे आजोबा धापेने आडवे झाले होते, आणि त्या घरातले सगळे फोन बंद पडले होते. आमच्याकडच्या शेवटच्या फोनवरून कळवले. सकाळी बोट आली आणि आजोबांना घेऊन गेली. ते वाचले. या मेळाव्याची निमंत्रणपत्रिका छापणारा आपला वर्गमित्र त्यांचा नातू, हे मला नंतर समजले.

म्हणून सांगते, गाणे म्हणजे नुसता विरंगुळा, असे मी आता म्हणत नाही. त्या अंधारात ‘आम्ही आहोत, तुम्ही आहात का?’ असे विचारायचे ते एकच साधन उरले होते.

नंतर पुण्याला परतल्यावर मी आपल्या भागाचा इतिहास पुन्हा वाचायला घेतला, या वेळी गुणांसाठी नाही. नदी आणि गाणे इथे किती जवळ नांदले आहे ते तेव्हा लक्षात आले. याच सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ उभे केले आणि मराठी रंगभूमी सुरू झाली. ‘संगीत शारदा’ लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपूरचे. मिरजेत अब्दुल करीम खाँ राहिले, १९३७ साली ते गेल्यावर तिथल्याच दर्ग्यात त्यांना दफन केले, आणि दर वर्षी दर्ग्यात गाण्याचा उत्सव होतो. हिराबाई बडोदेकरांचा जन्म १९०५ साली मिरजेतच झाला. नरसोबाच्या वाडीला तर पुरालाही सोहळा मानतात. पादुकांवरून वाहून पाणी दक्षिणेच्या दाराने बाहेर पडू लागले की लोक त्यात स्नानाला जातात. आणखी चढले की उत्सवमूर्ती वरच्या देवळात नेतात. देव हलतो, पण पूजा चुकत नाही. नदीशी भांडण नाही आणि नदीबद्दल भाबडेपणाही नाही, अशी ही आपल्या लोकांची रीत.

आणि मिरजेचे तंबोरे. तलवारी आणि शस्त्रे घडवणाऱ्या शिकलगारांनी दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी सतार-तंबोऱ्यांचे काम हाती घेतले, आणि आज देशभरातले गवय्ये मिरजेचा तंबोरा मागतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यांचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने, भीमाकाठच्या मळ्यांतून येतात. महिनोन्‌महिने वाळवतात, मग त्याला लाकडी दांडी सरसाने जोडतात. नदीकाठची जुनी माणसे पोरांना पोहायला शिकवताना पाठीला असाच वाळका भोपळा बांधायची.

इथे आपल्या शाळेच्या तंबोऱ्याची गोष्ट येते. प्रार्थनेला संगीताच्या बाई जो छेडायच्या तोच. आपल्यातल्या कुणी तरी एकदा त्याच्या खुंट्या पिरगाळल्या होत्या आणि सगळ्या वर्गाला छड्या मिळाल्या होत्या. (खरा गुन्हेगार या मेळाव्यात उभा राहील अशी आशा आहे.) २००५ ला संगीताची खोली तळमजल्यावर होती. पाणी ओसरल्यावर शिपाईमामांनी दार ढकलले तेव्हा पेटी आणि तबले चिखलात रुतलेले होते, आणि तंबोरा मात्र जागेवर नव्हता. तो उंच कपाटाच्या माथ्यावर आडवा पडलेला सापडला. पाण्याबरोबर तरंगत वर गेला आणि पाणी उतरताना तिथे टेकला. सरस सुटून दांडी निखळली होती, पण भोपळा शाबूत होता. बाईंनी तो रिक्षात मांडीवर घेऊन मिरजेला नेला. कारागिराने तो पावसाळा संपेपर्यंत सुकवला, नव्याने जोडला, नवी जवारी काढली. ही हकिगत मला बाईंनी स्वतः सांगितली. त्यानंतर त्यांनी आग्रह धरून संगीताची खोली वरच्या मजल्यावर हलवून घेतली. म्हणून २०१९ ला आणि २०२१ ला, पाणी ५४-५५ फुटांवर गेले तेव्हाही, तंबोऱ्याला थेंब लागला नाही.

मला यात इतिहासाचा एक धडा दिसतो. गाण्याने धीर येतो हे खरे, पण गाण्याने पाणी उतरत नाही. बाईंनी तंबोरा दुरुस्तही केला आणि वरच्या मजल्यावरही नेला, दोन्ही केले. आपण गाव म्हणून पहिले काम बरे करतो, दुसऱ्याला टाळाटाळ करतो. पूररेषेत आजही जोती भरली जात आहेत, आणि ती भरणारे कुणी परके नाहीत.

दुकानवाल्या काकांनी त्या दिवाळीत दुकान पुन्हा उघडले. भिंतीवर २०१९ च्या पाण्याची रेघ तशीच ठेवली आहे, रंग दिला नाही. दर गुरुवारी संध्याकाळी दुकान तासभर लवकर बंद करून ते भजनी मंडळात टाळ वाजवायला येतात. ठेका चुकतो. आई त्यांना सगळ्यांसमोर सांगते, तरी येतात. पेटीचे ते दोन स्वर आम्ही दुरुस्त करून घेतले.

मेळाव्याच्या दिवशी प्रार्थना होणार आहे. बाई येणार आहेत, आणि तंबोराही शाळेकडून मागून घेतला आहे. बाईंचे वय पाहता तो कुणी तरी धरायला लागेल. खुंट्या पिरगाळणाऱ्याने स्वतःहून पुढे यावे, हे उत्तम. बाकी सगळ्यांनी वेळेवर यावे. डिसेंबर आहे, आयर्विनला पाणी कमी आहे.